बिनचावीचं दार

कल्पना करा, तुमच्यासमोर एक बंद दार आहे आणि चावी हरवली आहे. तुमच्या उजव्या हातात छत्रीची काडी घासून बनवलेली बारीक सळई आहे, डाव्या हातात वाकवलेली पत्र्याची पट्टी. कुलपाच्या पोटात छोट्या छोट्या पिना ओळीने उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग बसलेली आहे. डाव्या हाताने पट्टीवर ताण द्यायचा, पण किती? झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सरकवताना लागतो तेवढाच. उजव्या हाताने एकेक पिन वर ढकलायची. दिसत काहीच नाही. जे काय आहे ते बोटांना कळतं. एखादी पिन जराशी हलते आणि जागेवर बसते, एखादी लाडावलेल्या पोरासारखी पुन्हा पुन्हा खाली येते. सगळ्या बसल्या की कुलूप आपणहून वळतं, आणि त्या क्षणी अंगावर जो काटा येतो त्याला तोड नाही.

जमलं? छान. आता सांगा, हे दार कुणाचं आहे ते तुम्ही विचारलंत का?

नाही ना? मग चिमट्याने तुम्हाला दुसऱ्या दिवशी दुकानात उभं केलं नसतं.

चिमटा म्हणजे चावीवाला. लांब, बारीक, टोकाला जरा आत वळलेल्या बोटांमुळे शाळेतच त्याला हे नाव पडलं आणि खरं नाव छापण्याची वेळ पुढे फक्त दोनदा आली, लग्नपत्रिकेत आणि पासपोर्टात. बाजारातल्या एका जिन्याखाली त्याचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, चावी पकडून ठेवायला टेबलाला घट्ट बसवलेला शिकंजा, कानशींचा डबा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या वस्तादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुलूप कुणालाच ओळखत नाही. ओळखायचं काम आपलं. मालक समोर उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही."

चिमट्याने ते असं काही मनावर घेतलं की एकदा सासूबाई गावाला गेलेल्या असताना सासऱ्यांनी त्यांचं कपाट उघडून मागितलं, तेव्हा हा म्हणाला, "कपाट सासूबाईंचं आहे ना? येऊ द्यात त्यांना." सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सासूबाईंनी मात्र तेव्हापासून जावयाच्या ताटात पहिली पोळी वाढायला सुरुवात केली.

असा हा चिमटा एका मंगळवारी सकाळी परक्या देशातल्या परक्या शहरात उतरला, आणि तोही दुसऱ्याच्या बायकोच्या जागी.

म्हणजे झालं असं, की त्याचा लहानपणापासूनचा दोस्त टेलर. बाजारात समोरच त्याचं दुकान, सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरची एकुलती एक पोरगी त्या शहरात शिकायला गेलेली. बुधवारी सकाळी तिचा पदवीदानाचा समारंभ होता. नवरा-बायको दोघं जाणार होते, पण ऐनवेळी वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मास्तर एकटा जायला घाबरत होता, पण तसं कबूल करील तर तो मास्तर कसला! तो चिमट्याला म्हणाला, "तुला जग दाखवावं म्हणतो."

"कुणी दाखवायचं, तू?" चिमटा म्हणाला. "स्टेशनवर प्लॅटफॉर्म चुकतोस."

पण आला. एवढ्या लांबची कुलपं बघायला मिळणार होती.

खोली मास्तरने स्वतः फोनवर बुक केली होती. पोरगी म्हणाली होती, "बाबा, मी करते ना." त्यावर मास्तरचं उत्तर, "मी काय अडाणी आहे?" पोरगी वसतिगृहात राहत होती, तिथे पाहुण्यांना रात्री राहू देत नसत. शिवाय मंगळवारी दिवसभर तिची समारंभाची तयारी आणि रात्री कामाची पाळी. तेव्हा भेट बुधवारी सकाळी, खोलीवरच, असं ठरलं होतं.

खोली एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. ते पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आत सफाईवाली बाई चादरी बदलत होती. तिने दोघांकडे बघून मान हलवली, यांनीही हलवली. बॅगा कोपऱ्यात ठेवल्या, तोंडं धुतली आणि दोघं शहर बघायला बाहेर पडले.

लोक परक्या शहरात माना वर करून इमारती बघतात. चिमटा दारं बघत होता.

"हे बघ," एका हिरव्या लाकडी दारापाशी थांबून तो म्हणाला, "इथे डावखुरा माणूस राहतो. चावीच्या भोकाच्या कुठल्या बाजूचा रंग उडालाय बघ. आणि त्या पलीकडच्या दाराला स्क्रूची जुनी भोकं आहेत बघ, तीन वेळा कुलूप बदललंय. घरात काहीतरी बिनसलं असणार."

"तू असाच दारांना नाक लावत फिरलास तर आपल्याला पोलीस नेतील."

"आणि तू मघाशी दुकानातल्या पुतळ्याचा कोट उलटा करून शिलाई बघत होतास, ते?"

"अस्तर चिकटवलेलं होतं रे!" मास्तरचा आवाज दुखावलेला होता. "शिवलंच नव्हतं! एवढ्या मोठ्या काचेच्या दुकानात!"

असे ते फिरत फिरत एका पुलावर आले. पुलाच्या कठड्याला जाळी होती आणि जाळीला हजारो कुलपं लटकत होती. लहान, मोठी, लाल, पितळी, बदामाच्या आकाराची. चिमटा जागच्या जागी थिजला. मास्तरने एका तरुण जोडप्याला खाणाखुणा करून विचारलं, तेव्हा कळलं की प्रेमात पडलेली माणसं इथे येऊन कुलूप लावतात आणि चावी नदीत टाकतात.

"चावी पाण्यात?" चिमट्याला खरोखर कळवळा आला. "आणि नंतर काही वाटलं तर?"

"वाटायचंच नाही. म्हणून तर टाकतात."

चिमट्याने एक कुलूप हातात धरून अंगठ्याने हलवून बघितलं. "माल भिकार आहे. यातली निम्मी मी केसाच्या पिनेने उघडीन."

"नको बाबा!" मास्तर ओरडला. "कुणाचा तरी संसार मोडेल!"

दुपारी पाय बोलायला लागले तेव्हा ते परत खोलीवर आले. दार बंद होतं. दाराला चावीचं भोकच नव्हतं, नुसती आकड्यांची बटणं असलेली काळी पट्टी होती. मास्तरने फोनवर आलेला आकडा दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला. लाल दिवा. "तू दाब," म्हणाला. चिमट्याने दाबला. दिव्याने माणूस बघून रंग बदलला नाही.

चिमट्याने फोन हातात घेतला आणि मालकाचा निरोप नीट वाचला. इंग्रजी त्याला बेताचंच येत होतं, पण वार आणि तारखा सगळीकडे सारख्याच असतात.

"मास्तर," तो हळू आवाजात म्हणाला, "खोली बुधवारपासून आहे. उद्या दुपारी दोनपासून."

मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने कपाळावर हात मारला.

ही चूक जगात फक्त टेलरच करू शकतो. मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकाला एक दिवस पुढचा वार सांगत आला होता. कपडा मंगळवारी तयार होणार असेल तर त्याच्या तोंडातून बुधवारच निघे. सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की खोली बुक करतानाही बोट मंगळवारवर न जाता आपसूक बुधवारवर गेलं होतं. सकाळी सफाईवाली आत होती म्हणून दार उघडं मिळालं. तिला वाटलं असणार, हे लोक फक्त बॅगा ठेवायला लवकर आलेत.

मालकाला फोन लावला. एक बाई परक्या भाषेत काहीतरी बोलली, मग टूंऽऽ असा आवाज. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई.

"रात्रीचं काय ते बघू," मास्तर म्हणाला, "स्टेशनवर बसू. पण बॅग! बॅगेत कोट आहे!"

कोट म्हणजे पोरीसाठी त्याने स्वतः शिवलेला. समारंभात घालायला. पण अर्धवट. खांदे, बाह्या, कंबर, सगळं कच्च्या टाक्यावर धरलेलं. शेवटची शिलाई पोरीच्या अंगावर बघून सकाळी घालायची, असा त्याचा बेत होता. समारंभ दहा वाजता आणि दार उघडणार दोन वाजता.

मग मास्तरची नजर हळूहळू चिमट्याच्या बोटांवर येऊन थांबली.

"नाही," चिमटा म्हणाला.

"मी काही बोललोच नाही."

"बोलू पण नकोस. ही खोली आज आपली नाही."

"बॅग तर आपली आहे?"

"बॅग आपली आहे. दार नाही."

"अरे, तू चावीवाला आहेस आणि आपण रस्त्यावर! लोक ऐकतील तर शेण घालतील तोंडात!"

चिमटा दारापासून दोन पावलं मागे सरकला. कारण त्याला एक गोष्ट कळली होती आणि ती त्याला सांगायची नव्हती. बटणांच्या पट्टीवरून हात फिरवताना त्याच्या अंगठ्याला खालच्या कडेला एक बारीक टोपी लागली होती. टोपी सरकत होती. तिच्याखाली चावीचं भोक होतं, बॅटरी संपली तर लागेल म्हणून ठेवलेलं. असं भोक त्याने जन्मात बघितलं नव्हतं. आत काय असेल, या विचाराने त्याची बोटं आताच शिवशिवायला लागली होती.

"इथला चावीवाला शोधू," मास्तर म्हणाला. "त्याला तरी तुझ्यासारखं वेड नसेल."

संध्याकाळी एका गल्लीत त्यांना ते दुकान सापडलं. बाहेर पत्र्याची मोठी चावी लटकत होती. आत एक म्हातारी बाई, डोळ्याला भिंग लावून, शिकंज्यात धरलेली चावी घासत होती. चिमटा उंबऱ्यातच थबकला. तोच वास. तेल आणि पितळेचा कीस. भिंतीवर तशाच कोऱ्या चाव्या.

बाईला त्यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. चिमट्याने शिकंज्यातल्या चावीकडे बोट केलं, एका दाताकडे दाखवलं आणि नाक मुरडलं. बाईने भिंगातून बघितलं. मग कानस त्याच्या पुढे केली. चिमट्याने दोन हलके हात मारले, फुंकर घातली आणि चावी परत दिली. बाईने ती अंगठ्याने चाचपली आणि "हं" असा आवाज काढला. तो आवाज वस्तादाच्या "हं"सारखाच होता. मग तिने कपाटातून एक जुनं, मुठीएवढं कुलूप काढून त्याच्यासमोर ठेवलं, आणि पुढचा बराच वेळ दोघं त्या कुलपावर डोकं टेकून बसले. मास्तर स्टुलावर बसून जांभया देत होता.

शेवटी मास्तरने फोन पुढे केला, हवेत दार काढलं, हवेतली बटणं दाबली, हवेत रडला. बाई हसली. उठली, हत्यारांची पिशवी उचलली. मास्तर चिमट्याकडे बघून म्हणाला, "बघ! याला म्हणतात कारागीर!"

दुकानाबाहेर पडता पडता बाईने हात पुढे केला आणि काहीतरी विचारलं. मास्तरने फोन दिला. तिने निरोप वाचला. तिचं बोट एका जागी थांबलं. ती मागे वळली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, आजच्या तारखेवर बोट ठेवलं, मग उद्याच्या तारखेवर. पिशवी जागेवर ठेवली आणि पुन्हा स्टुलावर बसून चावी घासायला लागली.

मास्तरचा चेहरा पडला. चिमट्याचा मात्र असा उजळला, जसा परक्या गर्दीत घरचं माणूस दिसल्यावर उजळतो.

"हिला कुणी शिकवलं असेल रे?" तो विचारत राहिला.

"तुझ्या वस्तादाची हरवलेली बहीण असेल!" मास्तर फणकारला. "चल आता."

रात्री थंडी वाढली. कोपऱ्याकोपऱ्यावर कपडे धुण्याची दुकानं होती. माणूस कुणी नाही, नुसती मोठमोठी यंत्रं आणि बाकडी. त्यातल्या एकात ऊब होती. दोघं तिथे बसले. समोरच्या गोल काचेत कुणाचे तरी कपडे गरगरत होते.

"तू पोरीला फोन का करत नाहीस?" चिमट्याने विचारलं. "तिला इथली भाषा येते. ती मालकाला शोधेल."

"आणि सांगू काय? तुझ्या बापाला साधा वार कळत नाही म्हणून?"

"तुझ्या गिऱ्हाइकांना हे केव्हाचं माहीत आहे."

मास्तर हसला नाही. "मापं तिने फोनवर सांगितली," तो म्हणाला. "छाती, कंबर, बाही. खांद्याचंसुद्धा. अरे, स्वतःच्या खांद्याचं माप कधी स्वतःला घेता येतं का? एवढ्या दिवसांत मी तिला नुसती फोनच्या काचेत बघितलीय. गळ्यापर्यंत. ती बारीक झालीय का, वाकून चालते का, काही माहीत नाही. उद्या सगळ्यांच्या अंगावर झोकात कोट असतील. माझा खांद्यात लटकला तर ती काही बोलणार नाही. घालेल. हसेल. फोटो काढेल. तेच मला नकोय."

"मग फोन कर."

"नाही," मास्तर म्हणाला, आणि पाय बाकावर घेऊन डोळे मिटले.

चिमट्याला झोप कुठली. तो मधूनमधून उठून बाहेर जाऊन येत होता. एक माणूस मोठ्या पाइपने रस्ता धूत होता. फुलांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आतून बादल्यांचा आवाज येत होता. ते शटर बंद करायला जमिनीत एक वेगळीच खिटी होती. चिमट्याने गुडघ्यावर बसून ती बघितली. फुलवाल्याने वरून त्याच्याकडे बघितलं, मग काय वाटलं कोण जाणे, खिटी दोनदा लावून आणि काढून दाखवली.

उजाडायच्या सुमाराला ते इमारतीपाशी आले. एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन बाहेर पडत होता. दिवसा उघडं असणारं खालचं दार आता बंद होतं, ते त्याने यांच्यासाठी धरून ठेवलं. कोण, कुठले, काही विचारलं नाही. चिमट्याला ते खटकलं, पण थंडी फार होती.

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर मास्तर भिंतीला टेकला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागला. त्याच्या कॉलरमध्ये नेहमीप्रमाणे पिना खोचलेल्या होत्या. चिमटा त्यांच्याकडे बघत होता. मग दाराकडे. मग पुन्हा पिनांकडे.

नुसतं बघायचं, तो स्वतःशी म्हणाला. आत काय आहे तेवढं.

त्याने दोन पिना काढल्या, एक वाकवली, टोपी सरकवली. आत काही ओळखीचं नव्हतं. कुलपाच्या पिना वरून नव्हत्या, बाजूने होत्या, तिरप्या. ज्याने हे बनवलं तो माणूस चलाख होता. चिमट्याने डोळे मिटले. पहिली पिन सरकली. दुसरीने नाटक केलं, मग बसली. तिसरी बसली. आता फक्त एक राहिली होती, आणि कुलूप वळायला निघालंय हे त्याच्या मनगटाला कळलं. तो थांबला.

"थांबलास का?" मागून मास्तरचा आवाज आला. तो केव्हा जागा झाला होता कुणास ठाऊक.

चिमट्याने डोळे उघडले. "उघडेल बहुतेक."

"मग उघड की! लेका, इतका वेळ मला गारठवलंस!"

चिमट्याचा हात तसाच राहिला. जिन्यात कुठेतरी नळ सुटल्याचा आवाज आला.

"मास्तर, गिऱ्हाईक घाईत असलं, लग्नाला निघालेलं असलं, तर ट्रायल न घेता कोट देतोस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"देतोस का?"

"नाही."

"तो ओरडला तरी?"

चिमट्याने पिना बाहेर काढल्या. आतल्या पिना एकेक करून खाली गेल्याचं त्याला ऐकू आलं, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. टोपी सरकवून त्याने सरळ असलेली पिन मास्तरच्या कॉलरला परत खोचली.

"वाकडी मी ठेवतो," तो म्हणाला. "फोन कर तिला."

मास्तरने केला. बोलताना भिंतीकडे तोंड केलं होतं. "हो... नाही... आम्ही बाहेर... बुधवार... हो, मीच." पलीकडून मोठं हसू ऐकू आलं आणि मास्तरचे कान लाल झाले.

पोरगी धावतच जिना चढून आली. ओले केस, उलटसुलट गुंडाळलेला मफलर. बापाच्या गळ्यात पडली आणि त्याच दमात म्हणाली, "बाबा, खोली तुम्ही बुक केलीत तेव्हाच मला कळायला हवं होतं! आई म्हणतेच, यांचा मंगळवार बुधवारी येतो! आणि चिमटाकाका, तुम्ही इथे असून दार बंद?"

"विचार त्याला!" मास्तर म्हणाला. "त्याचा वस्ताद नाही म्हणाला!"

तिने मालकाला फोन लावला, परक्या बाईचा निरोप शेवटपर्यंत ऐकला, त्यात सांगितलेला दुसरा नंबर लावला. हेच दोघांना कळलं नव्हतं, ती बाई दुसरा नंबर सांगत होती. मालक झोपेतून उठला. तो कुठेतरी समुद्रकाठी सुट्टीवर होता. पोरगी भराभर बोलली, एक नंबर वाचून दाखवला, हसली. तिकडे मालकाने बटण दाबलं आणि इथे कुणीही हात न लावता दारावरचा दिवा हिरवा झाला. खट्.

मास्तर आत धावला. बॅग, कोट, सुई. पोरीला खिडकीपाशी उभी केली. कोट खांद्यात लटकत होता, बोटभर. मास्तरने तो बघितला आणि त्याचे खांदे सैल झाले. बोटभर म्हणजे काहीच नाही. बोटभर त्याला जमणार होतं. "बारीक झालीयेस," एवढंच म्हणाला आणि तोंडात पिना धरून कामाला लागला.

चिमटा मात्र दारातच होता. दार लावून बघत होता, उघडून बघत होता, दिव्याकडे वाकून बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "तो माणूस समुद्रावर बसलाय ना? त्याने आपलं तोंडसुद्धा बघितलं नाही. मग दाराला कसं कळलं, की बाहेर आपणच आहोत?"

"मी बोलले ना काका त्याच्याशी."

"बोलेल कुणीही."

"बुकिंगचा नंबर सांगितला."

"नंबर कुणीही वाचेल."

पोरगी खांदे उडवायला गेली. मास्तर पिनांमधून पुटपुटला, "हलू नकोस." ती हात पसरून तशीच उभी राहिली, पण तिची नजरही आता दाराकडे वळली होती.

"मग आपल्याला ओळखलं कुणी?" चिमट्याने विचारलं.